गोल चुकीचा असेल, पण फेरसामन्याची मागणी त्याहून चुकीची

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फोंडा तालुक्यात सध्या चालू असलेल्या गावपातळीवरील चषक फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात जो वादग्रस्त गोल झाला, त्याविषयी आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात गेल्या काही दिवसांपासून उलटसुलट मते प्रसिद्ध होत आहेत. काही पत्रलेखकांनी सामना पुन्हा खेळवावा अशी मागणी केली आहे, तर काहींनी रेषेवरच्या साहाय्यक पंचाच्या हेतूविषयीच शंका घेतली आहे. मी पराभूत संघाच्या गावचा आहे. तो गोल द्यायला नको होता असे माझे ठाम मत आहे आणि त्याची कारणे मी पुढे देणार आहे. तरीही फेरसामन्याच्या मागणीला माझा विरोध आहे, आणि साहाय्यक पंचाबद्दल जे बोलले व लिहिले जात आहे त्याचा तर मी निषेधच करतो. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी वाटू शकतात, हे आमच्या गावात सध्या कोणाला पटत नाही, म्हणून हे पत्र.

सामना न पाहिलेल्या वाचकांसाठी प्रसंग थोडक्यात सांगतो. १-१ अशी बरोबरी होती आणि दुसऱ्या सत्राची अखेरची मिनिटे चालू होती. यजमान संघाच्या मधल्या फळीतील खेळाडूने आमच्या बचावफळीच्या फटीतून पुढे पास दिला. त्या क्षणी त्यांचा नऊ नंबरचा खेळाडू आमच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पलीकडे, म्हणजे ऑफसाइड स्थितीत (या स्थितीत सहकाऱ्याचा पास घेऊन गोल करता येत नाही) होता. याबद्दल दोन्ही गावांत दुमत नाही. मात्र चेंडू त्याच्यापर्यंत सरळ गेला नाही. आमच्या स्टॉपरने, म्हणजे मधल्या बचावपटूने, मागे धावता धावता पाय लांब केला, चेंडू त्याच्या बुटाच्या टोकाला लागून किंचित वळला आणि नऊ नंबरच्या पुढ्यात पडला. त्याने एकट्या गोलरक्षकाला चकवून गोल केला. साहाय्यक पंचाचा झेंडा वर गेला. मुख्य पंचांनी लगेच कोणतीच खूण केली नाही. दोन्ही संघांच्या खेळाडूंना हाताने दूर ठेवत ते रेषेपर्यंत चालत गेले आणि दोघांचे बोलणे झाले. मी रेषेला लागूनच उभा होतो. शब्द ऐकू आले नाहीत, पण साहाय्यक पंचाने झेंड्याच्या काठीचे टोक स्वतःच्या उजव्या बुटाच्या टोकाला लावून दाखवले, हे मी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर झेंडा खाली आला आणि पंचांनी मधल्या वर्तुळाकडे हात केला, म्हणजे गोल दिला. सामना आम्ही २-१ असा गमावला.

गावात सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप झेंड्याचा आहे. झेंडा वर गेला होता, मग गोल कसा, असा प्रश्न चहाच्या हॉटेलापासून देवळासमोरच्या कट्ट्यापर्यंत सगळीकडे विचारला जात आहे. फुटबॉलच्या सतरा नियमांपैकी पाचवा नियम पंचाविषयी आणि सहावा इतर सामनाधिकाऱ्यांविषयी आहे. हे दोन्ही नियम एकत्र वाचले की या प्रश्नाचे उत्तर मिळते. साहाय्यक पंच आपल्याला दिसलेली गोष्ट झेंड्याने कळवतो. निर्णय पंच देतो. कळवलेली गोष्ट स्वीकारण्याचा, तिच्याविषयी अधिक विचारण्याचा किंवा ती बाजूला ठेवण्याचा पूर्ण अधिकार पंचाला आहे. ऑफसाइडच्या बाबतीत तर कामाची ही विभागणी फार उपयोगी पडते. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत उभा असलेला साहाय्यक पंच कोण कोणाच्या पुढे होता हे अचूक सांगू शकतो, पण मैदानाच्या मधोमध कोणाचा पाय चेंडूला लागला आणि तो कसा लागला, हे जवळ असलेल्या मुख्य पंचाला अधिक चांगले दिसते. दोघांनी आपापली माहिती एकत्र करून निर्णय घेणे हेच त्यांचे काम होते आणि त्यांनी ते केले.

पंचांनी निर्णय बदलला म्हणजे ते यजमानांच्या प्रेक्षकांना घाबरले, असेही एका पत्रात म्हटले आहे. मुळात त्यांनी निर्णय बदललाच नाही, कारण बोलणे होईपर्यंत त्यांनी तो दिलाच नव्हता. आणि बदलला असता तरी खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत तो बदलण्याची मुभा नियमच देतो. खेळ सुरू झाल्यावर मात्र ती राहत नाही. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल या सामन्यात लुइस डियाझचा वैध गोल ऑफसाइड ठरवला गेला. व्हिडिओ पाहणाऱ्या पंचांना मैदानावर गोल दिला गेला आहे असे वाटले, त्यामुळे त्यांनी तपासणी पूर्ण झाल्याचे कळवले आणि गैरसमज लक्षात येईपर्यंत फ्री किक घेऊन खेळ सुरू झालेला होता. चूक सर्वांना कळली होती, तरीही ती दुरुस्त करता आली नाही. आपल्या पंचांनी खेळ सुरू करण्यापूर्वी थांबून विचारणा केली, ही त्यांची जमेची बाजू मानली पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. यजमान गावातील मंडळींचे म्हणणे असे की आमच्या बचावपटूचा पाय चेंडूला लागला, त्यामुळे ऑफसाइड संपला. आमच्या गावातील मंडळींचे म्हणणे असे की पास दिला तेव्हा तो ऑफसाइड होता, मग मध्ये कोणाचाही पाय लागो. हे दोन्ही युक्तिवाद अर्धवट आहेत. अकराव्या नियमानुसार ऑफसाइड स्थिती ठरते ती सहकाऱ्याने चेंडू खेळला त्या क्षणी, आणि तिथे आमचे लोक बरोबर आहेत. परंतु त्यानंतर बचाव करणाऱ्या संघाच्या खेळाडूने तो चेंडू जाणूनबुजून खेळला असेल, तर ऑफसाइड स्थितीतील खेळाडूला त्या स्थितीचा फायदा मिळाला असे मानले जात नाही, आणि तिथे त्यांचे लोक बरोबर आहेत. चेंडू नुसता अंगावर आदळून वळला असेल किंवा गोल वाचवण्यासाठी अडवला गेला असेल, तर मात्र ऑफसाइड कायम राहतो. तेव्हा सगळा वाद एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो : आमच्या स्टॉपरने चेंडू खेळला, की चेंडू त्याच्या पायाला लागून गेला?

हा प्रश्न आमच्याच मैदानावर पहिल्यांदा उभा राहिला असे कोणी समजू नये. १० ऑक्टोबर २०२१ रोजी मिलानमध्ये स्पेन आणि फ्रान्स यांच्यात नेशन्स लीगचा अंतिम सामना झाला. १-१ अशी बरोबरी असताना ८०व्या मिनिटाला किलियन एम्बापेला पुढे पास मिळाला. तो ऑफसाइड स्थितीत होता, पण मध्ये स्पेनच्या एरिक गार्सियाने पाय घातला आणि चेंडू त्याला निसटता लागला. पंच अँथनी टेलर यांनी गोल दिला, व्हिडिओ पंचांनीही तो कायम ठेवला आणि फ्रान्सने २-१ ने चषक जिंकला. गार्सियाने स्वतःहून चेंडूकडे पाय नेला म्हणून त्याने चेंडू खेळला, असा तेव्हाचा अर्थ होता. तो अर्थ फुटबॉल जगतातील अनेकांना पटला नाही, कारण बचावपटूने प्रयत्नच केला नाही तर ऑफसाइड, आणि जिवाच्या आकांताने पाय लांब केला तर गोल, असा विचित्र प्रकार त्यातून निर्माण होत होता.

या चर्चेनंतर २०२२च्या जुलैमध्ये नियम बनवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने आणि फिफाने स्पष्टीकरण दिले, आणि माझ्या मते आमच्या सामन्याचा निकाल त्या स्पष्टीकरणावरच तोलायला हवा. खेळाडूच्या ताब्यात चेंडू येण्याची शक्यता होती का, म्हणजे त्याला तो सहकाऱ्याकडे देता आला असता, ताब्यात घेता आला असता किंवा पायाने अथवा डोक्याने बाहेर काढता आला असता का, ही आता मुख्य कसोटी आहे. ती लावताना काही खुणा पाहायच्या असतात. चेंडू लांबून आला का आणि खेळाडूला तो स्पष्ट दिसत होता का? चेंडूचा वेग फार होता का? दिशा अनपेक्षित होती का? शरीराचा तोल सांभाळून खेळायला त्याला वेळ मिळाला का, की नुसती झेप घेऊन किंवा पाय ताणून स्पर्श करावा लागला? चेंडू जमिनीवरून येत होता की हवेतून? खेळाडूने पाय पुढे केला एवढ्यानेच तो चेंडू त्याने खेळला असे आता ठरत नाही.

या खुणा आमच्या स्टॉपरला लावून पाहा. पास देणारा त्याच्यापासून फार तर सात-आठ मीटरवर होता. स्टॉपरचे तोंड आमच्याच गोलकडे होते आणि तो पूर्ण वेगाने मागे धावत होता. आदल्या रात्रीच्या पावसाने मैदानाची लाल माती जागोजागी उकरली गेली होती, त्यामुळे चेंडू एक टप्पा घेऊन गुडघ्याच्या उंचीवर आला. त्याने पाय पूर्ण ताणला तेव्हा त्याचा दुसरा गुडघा जवळजवळ जमिनीला टेकला होता. अशा अवस्थेतील खेळाडूच्या ताब्यात चेंडू येण्याची शक्यता होती असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. म्हणून हा स्पर्श म्हणजे चेंडू खेळणे नव्हते, ऑफसाइड कायम होता आणि आमच्या संघाला अप्रत्यक्ष फ्री किक मिळायला हवी होती. पंचांनी बहुधा २०२२पूर्वीच्या पद्धतीने विचार केला, किंवा ते उभे होते तिथून त्यांना स्टॉपरचा तोल गेलेला दिसला नाही. उलट बाजूने कोणी म्हणेल की त्याने चेंडू येताना पाहिला होता आणि त्याचा पाय नेमका त्यावर गेला. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. अनुभवी पंचांमध्येसुद्धा या एका प्रसंगावर मतभेद होऊ शकतील, आणि म्हणूनच याला गुन्ह्याचे रूप देणे मला मान्य नाही.

मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण गावात जी खात्री पसरली आहे ती या चित्रफितीतूनच आली आहे. तिच्यातून काढलेले एक स्थिर छायाचित्र सर्वत्र पाठवले जात आहे. त्यावर लाल रेघ ओढलेली असून नऊ नंबरचा खेळाडू आमच्या बचावफळीच्या किती तरी पुढे दिसतो. ते चित्र लक्षपूर्वक पाहिले तर त्यात चेंडू त्याच्या पायाशी आहे, म्हणजे चित्र चेंडू मिळाल्याच्या क्षणाचे आहे, दिल्याच्या क्षणाचे नाही. मधल्या काळात तो पुढे धावला आणि आमचे बचावपटू थबकले. त्यामुळे ऑफसाइड ठरवण्यासाठी त्या चित्राचा काडीचाही उपयोग नाही. शिवाय ते कॉर्नरच्या झेंड्याजवळून तिरके घेतलेले आहे आणि तिरक्या कोनातून पाहिल्यावर पुढचा खेळाडू मागे व मागचा पुढे दिसू शकतो. याच कारणाने साहाय्यक पंचाला सतत बचावफळीच्या सरळ रेषेत राहावे लागते. गंमतीची गोष्ट म्हणून नव्हे, तर खेदाने सांगतो की या चित्राने जी गोष्ट सिद्ध करायचा प्रयत्न होतो आहे, ती कोणी नाकारलेलीच नाही. तो खेळाडू ऑफसाइड स्थितीत होता हे साहाय्यक पंचाने झेंडा वर करून स्वतःच सांगितले होते. प्रश्न स्टॉपरच्या स्पर्शाचा आहे आणि ते चित्र त्या स्पर्शानंतरचे आहे.

आता फेरसामन्याविषयी. आमच्या क्लबने आयोजकांकडे शुल्क भरून लेखी प्रोटेस्ट, म्हणजे तक्रार अर्ज, दाखल केला आहे आणि त्यात फेरसामना मागितला आहे. फुटबॉलच्या इतिहासात फेरसामने झाले आहेत, हे खरे आहे. पण ते कशासाठी झाले हे पाहिले पाहिजे. सप्टेंबर २००५मध्ये विश्वचषक पात्रता फेरीत ताश्कंदला उझबेकिस्तान विरुद्ध बहारीन असा सामना झाला. उझबेकिस्तान १-० ने पुढे असताना त्यांना पेनल्टी मिळाली, तिच्यावर गोलही झाला, पण किक घेण्यापूर्वीच त्यांचा एक खेळाडू पेनल्टी क्षेत्रात शिरला होता. अशा वेळी पेनल्टी पुन्हा घ्यायची असते. पंचांनी त्याऐवजी बहारीनला अप्रत्यक्ष फ्री किक दिली. ही प्रसंग पाहण्यातली चूक नव्हती. नियमच चुकीचा लावला गेला होता. फिफाने १-० हा निकाल रद्द करून सामना पुन्हा खेळवला. वाचकांनी पुढचा भागही लक्षात घ्यावा : तक्रार उझबेकिस्ताननेच केली होती, फेरसामना १-१ असा सुटला, परतीच्या सामन्यात ०-० अशी बरोबरी झाली आणि परक्या मैदानावरील गोलाच्या जोरावर बहारीन पुढे गेले.

इंग्लंडमध्ये फेब्रुवारी १९९९मध्ये एफए कपच्या सामन्यात शेफील्ड युनायटेडने जखमी खेळाडूसाठी चेंडू मुद्दाम बाहेर घालवला होता. थ्रो-इननंतर तो त्यांना परत देण्याचा शिष्टाचार न पाळता आर्सेनलने गोल केला. तो गोल नियमाने पूर्ण वैध होता. फेरसामन्याचा प्रस्ताव जिंकलेल्या आर्सेनलच्या प्रशिक्षकांनीच दिला आणि संघटनेने तो मान्य केला. यजमान गावाने असा प्रस्ताव दिला असता तर गोष्ट वेगळी होती. हरलेल्या संघाने तो मागणे वेगळे.

आमच्या क्लबचे काही पदाधिकारी म्हणतात की २०२२चे स्पष्टीकरण डावलले गेले, म्हणून हीसुद्धा ताश्कंदसारखी नियमाचीच चूक आहे. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, परंतु तो टिकत नाही. बचावपटूने चेंडू खेळल्यास ऑफसाइड राहत नाही, हा नियम पंचांना माहीत होता आणि त्यांनी तोच लावला. स्टॉपरचा स्पर्श कोणत्या प्रकारात मोडतो, हे त्यांनी मैदानावर पाहून ठरवले, आणि ते ठरवणे हा खेळातील तथ्याचा भाग आहे. गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय, यांसह खेळातील तथ्यांवर पंचाचा निर्णय अंतिम असतो, असे पाचवा नियम सांगतो. २०१०च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू आडव्या दांड्याला लागून गोलरेषेच्या स्पष्टपणे आत पडला होता आणि साऱ्या जगाने तो पाहिला होता. तरीही सामना पुन्हा झाला नाही. पुढे २०१४च्या विश्वचषकात गोलरेषा तंत्रज्ञान आले. मार्च २०२५मध्ये चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत रेआल माद्रिदविरुद्धच्या शूटआऊटमध्ये अॅटलेटिकोच्या हुलियान अल्वारेझचा पाय घसरला, चेंडूला दुहेरी स्पर्श झाल्याचे ठरवून त्याचा गोल रद्द केला गेला. काही महिन्यांनी नियम बनवणाऱ्या मंडळाने स्पष्ट केले की अशा अनवधानाने झालेल्या दुहेरी स्पर्शानंतर गोल झाला तर किक पुन्हा घ्यावी. म्हणजे पुढच्या खेळाडूंना न्याय मिळाला, पण अॅटलेटिकोचा निकाल बदलला नाही. पराभूत संघाच्या समर्थकाला हे कठोर वाटते, मलाही वाटते. परंतु प्रत्येक वादग्रस्त स्पर्शावर सामना पुन्हा होऊ लागला तर आमच्यासारख्या स्पर्धा एका मोसमात संपणारच नाहीत.

आपल्याच देशातील ३ मार्च २०२३ची गोष्ट अनेकांना आठवत असेल. आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) बाद फेरीत जादा वेळेत बंगळुरूच्या सुनील छेत्रीने केरळ ब्लास्टर्सचे खेळाडू तयार होण्यापूर्वीच फ्री किक घेऊन गोल केला आणि पंचांनी तो मान्य केला. केरळच्या प्रशिक्षकांनी संघाला मैदानाबाहेर बोलावले. त्यांचा फेरसामन्याचा अर्ज फेटाळला गेला, सामना बंगळुरूला मिळाला, केरळच्या क्लबला चार कोटी रुपयांचा दंड झाला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी आली. आपल्या एफसी गोवालाही संतापाची किंमत ठाऊक आहे. १२ एप्रिल २०१८ रोजी भुवनेश्वरला सुपर कपमध्ये जमशेदपूरविरुद्ध एका गोलावरून मध्यंतराच्या सुमारास दोन्ही संघ एकमेकांवर धावून गेले आणि प्रत्येक संघाच्या तिघांना, असे एकूण सहा जणांना लाल कार्ड मिळाले. उत्तरार्ध आठ विरुद्ध आठ असा खेळला गेला. गोव्याने तो सामना ५-१ ने जिंकला, पण पुढच्याच फेरीत ईस्ट बंगालकडून संघ हरला.

साहाय्यक पंचाविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही. तो पंचांची परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झालेला तरुण आहे. सामना संपल्यावर त्याला रेषेवरच घेरण्यात आले, त्याच्या दुचाकीच्या दोन्ही चाकांतील हवा सोडण्यात आली आणि रात्रीपर्यंत त्याचे छायाचित्र त्याच्या गावाच्या नावासह मोबाइलवर फिरू लागले. त्याची आई यजमान गावची, म्हणून त्याने पक्षपात केला, असा आरोप होत आहे. आरोप करणाऱ्यांनी एवढाच विचार करावा : ज्याला यजमानांना मदत करायची होती त्याने झेंडा वर केलाच कशाला असता? तो खाली ठेवला असता तर वादच झाला नसता. त्याने स्थिती बरोबर टिपली, विचारल्यावर स्पर्शही खरा सांगितला, आणि त्या स्पर्शाचा अर्थ लावण्याचे काम त्याचे नव्हते. संपूर्ण प्रकरणात आपले काम निर्दोष करणारा तो एकमेव माणूस आहे, आणि सर्वांत जास्त शिव्या त्याच्याच वाट्याला आल्या.

गोव्याला फुटबॉल शिकवण्याची गरज नाही. १८८३मध्ये शिवोलीला एका पाद्रीने हा खेळ आणला असे सांगितले जाते, आणि संतोष करंडक आपण पाच वेळा जिंकला आहे. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक आणि भारताचा कर्णधार या भूमीने दिला. मे महिन्यात कापणी झालेल्या शेतांतसुद्धा आपल्याकडे सामने होतात. पण खेळाडू तयार करणाऱ्या आपल्या गावांनी पंच किती तयार केले? शिट्टी हातात घेणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षातच असा अनुभव येणार असेल, तर त्याचे आईवडील त्याला दुसऱ्या वर्षी पाठवणार नाहीत आणि मग प्रत्येक स्पर्धेला तेच ते थकलेले पंच दिवसाला दोन-दोन सामने घेत राहतील. त्यांच्या हातून आणखी चुका होतील आणि आपण आणखी ओरडू.

आयोजकांकडूनही काही गोष्टी राहून गेल्या. उपांत्य सामन्यासाठी दोन्ही गावांशी नातेसंबंध नसलेले पंच मागवणे अवघड नव्हते. त्या तरुणावरचा संशय कितीही निराधार असला तरी तो उत्पन्न होण्याची वेळ त्यांनी आणायला नको होती. मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये साधी दोरीसुद्धा नव्हती. निर्णय काय झाला आणि कशामुळे, हे ध्वनिक्षेपकावरून दोन वाक्यांत सांगितले असते तर निम्मा गोंधळ तिथेच शमला असता. वर उल्लेख केलेल्या डियाझच्या गोलानंतर तीनच दिवसांत इंग्लंडच्या पंच संघटनेने पंचांमधील संभाषणाचे ध्वनिमुद्रण जाहीर केले होते. आपल्याकडे ध्वनिमुद्रण नाही, व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचाला मदत करण्याची व्यवस्था, तर आयएसएललाही इतकी वर्षे परवडलेला नाही, पण पंचांचा लेखी अहवाल मागवून तो दोन्ही क्लबांना वाचून दाखवायला खर्च येत नाही. त्या अहवालात पंचांनी स्टॉपरच्या स्पर्शाचे वर्णन कसे केले आहे, हे जाणून घेण्याचा हक्क आम्हाला आहे. २०२२चे स्पष्टीकरण त्यांनी विचारात घेतले का, हेही आम्ही सभ्यपणे विचारू शकतो. नाराज गावाने मागायची गोष्ट हीच होती, आणि नेमकी तीच आमच्या अर्जात नाही.

अंतिम सामना येत्या रविवारी ठरला आहे. आमचा प्रोटेस्ट निकाली निघेपर्यंत तो पुढे ढकलावा असा दबाव आयोजकांवर आणला जात आहे. जे दोन संघ अंतिम फेरीत पोहोचले आहेत त्यांच्या खेळाडूंनी आमचे काही वाईट केलेले नाही. त्यांपैकी कित्येक जण रजा काढून सराव करत आहेत. येत्या गुरुवारी आमच्या क्लबच्या कार्यकारिणीची बैठक आहे. फेरसामन्याची मागणी मागे घ्यावी, तिच्या जागी पंचांच्या अहवालाची मागणी करावी, त्या तरुण साहाय्यक पंचाच्या घरी जाऊन अध्यक्षांनी क्लबच्या वतीने दिलगिरी व्यक्त करावी आणि त्याच्या दुचाकीची हवा सोडणाऱ्या आमच्याच पोरांना सोबत न्यावे, अशी सूचना मी त्या बैठकीत मांडणार आहे. क्लबच्या ज्या सभासदांना ही सूचना पटते, त्यांनी बैठकीला उपस्थित राहून तिला पाठिंबा द्यावा, ही विनंती.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक,
फोंडा – गोवा